आवाजाला लागणारा वेळ

सोमवार, २ फेब्रुवारी १९९८

आलो बुवा एकदाचा पठारावर. मंचरहून आळेफाटा, तिथं दीड तास खारे शेंगदाणे खात बसलो, मग आण्याची एसटी, आणि आण्यापासून माळवाडीपर्यंत चार किलोमीटर पायी. शेवटची एसटी माळवाडीला येते म्हणे, पण तिचा भरवसा नाही. शाळेचे शिपाई धर्माजी न्यायला आले होते. माझी ट्रंक त्यांनी सायकलच्या कॅरिअरला आवळून बांधली आणि सगळी वाट एकच सांगत राहिले, की सर, हितं वारा लई, पाणी कमी, पर माणसं चांगली. मी म्हटलं, वारा आणि माणसं फुकट मिळतायत तर तक्रार कशाची करायची.

नोकरी नववी-दहावीच्या विज्ञानाची. आधीचे सर डिसेंबरात सोडून गेले, तेव्हापासून पोरांचं भौतिकशास्त्र देवाच्या भरवशावर आहे. पाणीटंचाईमुळं शाळा सकाळची, सात ते साडेअकरा. म्हणजे दुपार सगळी माझी. वाचन करीन, वही लिहीन, जमलं तर तंबाखू सोडीन.

खोली साळुबाईंच्या रानात आहे. दगडी भिंती, वर पत्रा, पुढं शेणानं सारवलेला ओटा. शेजारच्या घरात साळुबाई एकट्या राहतात. सत्तरीच्या असतील, पण कंबर ताठ. पहिला प्रश्न विचारला, की गुरुजी, लेकरं किती. एकच, म्हटलं, समृद्धी, चार वर्षांची. ती आणि तिची आई नूतन सध्या घोडेगावला माहेरी आहेत, जम बसला की आणीन. त्या म्हणाल्या, आणा की, घर कसं बोलतं व्हईल.

दारात उभं राहिलं की पूर्वेला, मागच्या अंगाला, डांबरी रस्ता आणि एसटीचा थांबा. पश्चिमेला नुसता उघडा माळ उतरत गेलेला. माळाच्या टोकाला गावचा आड आहे. संध्याकाळी तिथं बायांची रांग लागलेली दिसली. आमच्याकडं पाणवठा म्हणजे कलकलाट. इथं एवढ्या बाया, पण वाऱ्याशिवाय आवाज नाही. मला तर ही शिस्त आवडली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

शिस्तीचं कारण आज जवळून पाहिलं आणि मजा वाटली.

आडाला रहाट नाही. बाया पोहरा हातानं सोडतात, दोर एकेक मूठ सोडत, इतक्या सावकाश की बघणाऱ्याला झोप यावी. पोहरा पाण्याला टेकताना 'डुबुक' सुद्धा होता कामा नये. नव्या सुनेला चुलीआधी हे शिकवतात म्हणे. कुणाच्या हातून दोर निसटला आणि आवाज झालाच, तर ते पाणी घरात घेत नाहीत, बाभळीच्या बुडाशी ओततात आणि त्या दिवशी पुन्हा पोहरा सोडत नाहीत. मी धर्माजींना कारण विचारलं. ते म्हणाले, की पहिल्यापासून हाये तसं. आणि वर म्हणाले, की सर, आडात काय टाकू नका बरं का. मी म्हटलं, अहो, मी विज्ञानाचा माणूस, पिण्याच्या पाण्यात कचरा कशाला टाकीन.

दहावीच्या वर्गात आज गतीची समीकरणं घेतली. फळ्यावर गणित दिलं: आडात दगड सोडला, अडीच सेकंदांनी आवाज ऐकू आला, तर पाणी किती खोल? संस्कृती नावाची एक चुणचुणीत मुलगी आहे, तिनं झटक्यात साडेतीस मीटर काढलं. मी म्हटलं, चूक. दगडाला खाली जायला वेळ लागला, तसा आवाजाला वर यायलाही लागला. अडीच सेकंदांत दोघांचा वाटा आहे. तो वाटा वेगळा केला की उत्तर साधारण साडेअठ्ठावीस मीटर येतं. आवाजाचा वेळ विसरला की दोन मीटरनं फसलात.

मग म्हटलं, चला, आपल्या आडावर करून बघू. संस्कृती म्हणाली, सर, आवाज व्हतो. मी म्हटलं, होऊ दे की, आवाजासाठीच तर टाकायचा. कुणी वर बघेना. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणून मी पुढचा धडा घेतला. पण मनात खुट्ट झालं ते झालंच. एका साध्या प्रयोगाला घाबरणारी पोरं मला खपत नाहीत.

रविवार, ८ फेब्रुवारी

नूतन आणि समृद्धी कालपासून आल्यात. नूतननं स्टोव्ह, पोळपाट, चादरी, लोणच्याची बरणी असं अर्धं घर आणलं. परवा दोघी परत जातील आणि शिवरात्रीच्या आधी कायमच्या येतील. खोलीत बांगड्या वाजल्या की बरं वाटतं. लिहायला लाज कशाला, फार बरं वाटतं.

आज गाव लग्नाला बेल्ह्याला गेलेलं. आडावर चिटपाखरू नाही. म्हटलं, पोरं येत नाहीत तर आपण आकडे काढून त्यांच्यापुढं ठेवू. खेळाच्या सामानातलं स्टॉपवॉच घेतलं. पाव किलोच्या आसपासचे आठ दगड निवडून त्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक ते आठ आकडे घातले. नूतन हसली, म्हणाली, दगडांचं बारसं करताय का.

सात मी टाकले. आठवा समृद्धीनं हट्टानं घेतला. तिला कडेवर धरून कठड्यावर वाकलो. प्रत्येक दगडाचा आवाज वर आला की ती ओरडायची, "पोतला!" तिला च म्हणता येत नाही. आडात तिचा आवाज घुमायचा आणि ती पुन्हा ओरडायची. आम्ही दोघंही पोट धरून हसलो.

वेळा लिहून ठेवतो: २.५, २.५, २.५, २.४, २.४, २.३, २.२. आठवा, समृद्धीचा, २.१. माझाच अंगठा हळूहळू घाई करायला लागला असणार. नाहीतर पाणी तासाभरात आठ मीटर वर आलं म्हणायचं, तेही फेब्रुवारीत. शेवटी दोराला वीट बांधून मोजलं: साडेअठ्ठावीस मीटर, जिथल्या तिथं.

एक मात्र आहे. आठव्याचा आवाज पाण्यात पडल्याचा नव्हता. कुणी चेंडू झेलावा तसा चपटा आला.

बुधवार, ११ फेब्रुवारी

दोघी काल गेल्या.

आज आडावर कुणीच नाही. कालही नव्हतं. बाया दोन किलोमीटरवरच्या विहिरीवर जातायत, डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन. मला कुणी एक शब्द बोललं नाही. धर्माजींना छेडलं, तेव्हा ते म्हणाले, की बेल्ह्यावरून येताना पोरांनी लांबून बघितलं, सर, तुमाला टाकताना. मी विचारलं, मग रागावलेत का लोक. ते म्हणाले, रागवायचं काय त्यात. आणि घंटा द्यायला निघून गेले.

साळुबाई रोज सकाळी ताक द्यायच्या. परवापासून बंद. भांडं घेऊन गेलो तर दारातच विचारलं, की लेकरानं बी टाकला का. हो म्हटलं. त्यांनी भांडं हातातून घेतलं, भरून दिलं, पण माझ्याकडं बघितलं नाही. मला वाईट वाटलं. माझ्यापायी गावातल्या बायांची पायपीट, हे काही बरं नाही. रविवारी ग्रामपंचायतीत जाऊन सगळ्यांसमोर समजावून सांगीन.

सोमवार, १६ फेब्रुवारी

कालची सभा फुकट गेली. दहा माणसं आली, चहा प्यायली, मान हलवली, गेली.

आज बाराच्या ठोक्याला जेवायला बसलो होतो. पत्र्यावर धाडकन दगड पडला. बाहेर येईपर्यंत लांबून, आडाच्या बाजूनं, बारीक आवाजात कुणीतरी ओरडलं, "पोतला!"

म्हटलं, आली पोरं रंगात. माळावर बघितलं तर कुणी नाही. लपायला झुडूपसुद्धा नाही तिथं. पत्र्यावरून घरंगळलेला दगड ओट्यावर पडला होता. ओला. त्यावर पांढरा एक. माझाच पेंट, माझंच अक्षर.

कुणी गळ टाकून काढला असेल. पण साडेअठ्ठावीस मीटरवरून? आणि खाली चिखल किती असेल?

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज तयारीत होतो. बारा वाजता ओट्यावर स्टॉपवॉच घेऊन बसलो. धर्माजींना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

दगड आला. आकाशातून आला असंच म्हणतो, कारण दुसरीकडून येताना दिसला नाही. दोन नंबर, ओला. आणि मग "पोतला". मधला वेळ २.६ सेकंद. धर्माजींनी दगड वाजताच दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटले. म्हणजे पुढं काय येणार हे त्यांना ठाऊक होतं. विचारलं तर म्हणाले, की सर, माझी दोन लेकरं हायेत, मला यात घिऊ नका. आणि सायकल तिथंच ठेवून चालत गेले.

भानामतीची प्रकरणं मी पेपरात वाचलीत. दरवेळी शेवटी कुणीतरी हाडामांसाचा सापडतो. मीही शोधीन.

बुधवार, १८ फेब्रुवारी

तीन नंबर. २.२ सेकंद.

दुपारभर आकडेमोड केली. पत्र्यावर दगड वाजतो, तो आवाज तिकडं जातो, ते ऐकतं आणि उत्तर देतं. म्हणजे आवाज जाऊन येतो. आज हवा सत्तावीस अंश, आवाजाचा वेग सेकंदाला तीनशे सत्तेचाळीस मीटर. निम्मा धरायचा. आजचं अंतर तीनशे ब्याऐंशी मीटर. कालचं चारशे एक्कावन्न. परवा घड्याळ नव्हतं, पण तीन सेकंद धरले तर पाचशे वीस.

मग टेप घेऊन खोलीपासून आडापर्यंत मोजत गेलो. पाचशे वीस.

परवा ते आडात होतं. रोज एकोणसत्तर-सत्तर मीटर इकडं येतंय.

आवाज समृद्धीचा आहे. आज कबूल करतो. पहिल्या दिवशीच ओळखला होता. माझी पोर घोडेगावला आहे आणि तिचा आवाज माळावरून येतोय.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

चार नंबर. १.८. तीनशे बारा मीटर.

साळुबाईंचे पाय धरले. म्हटलं, काय ते सांगा. त्या आधी रडल्या, मग सांगायला बसल्या. बहात्तरच्या दुष्काळात आड आटला, तेव्हा त्यांचे मालक सोपान आणि दीर गेणभाऊ यांनी तो सुरुंग लावून खोल केला. तळाला पोकळ लागलं. त्या पोकळीत दोघा भावांनी गंमत म्हणून दगड टाकले. आवाज आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला. मग पाणी आलं आणि गाव हरखलं. मग पत्र्यावर दगड यायला लागले.

सोपान घाबरून ओतूरला बहिणीकडं पळाले. दगड थांबले. साळुबाई म्हणाल्या, की गुरुजी, आमी म्हणलं सुटलो, देवाला नारळ फोडला. तेरा महिन्यांनी ओतूरच्या पत्र्यावर दगड वाजला. आठ दिसांत माणूस गेला. कसा गेला ते त्या सांगेनात. एवढंच म्हणाल्या, की तवापासून आड गप. त्याला एक माणूस लागतं. एक नेलं की त्याचं भागतं. गेणभाऊनं बी टाकले व्हते, तो आजून मेंढरं राखतोय. पाण्याला परत आवाज होऊ द्यायचा न्हाई असं गावानं तवा ठरवलं.

खोलीवर येऊन नकाशा काढला. इथून ओतूर सरळ रेषेत अठ्ठावीस किलोमीटर. दिवसाला सत्तर मीटर. चारशे दिवस.

तेरा महिने.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

पाच. १.४. दोनशे त्रेचाळीस मीटर. माळावर डोळ्यांना काही दिसत नाही. गवत सुद्धा हलत नाही वेगळं.

आण्याला जाऊन एसटीडीवरून घोडेगावच्या दुकानात फोन लावला, चार वेळा. लागला नाही. शेवटी एसटीच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी दिली. येऊ नकोस. मी सांगेपर्यंत माळवाडीला पाय ठेवू नकोस, पोरीला जप, कारण विचारू नकोस.

पळून जाऊ शकतो. मी पुण्याला गेलो तर मला तीन-सव्वातीन वर्षं मिळतील, आणखी लांब गेलो तर सहा-सात, जितका लांब जाईन तितकी. पण आठवा दगड तिचा आहे. इथून घोडेगाव चव्वेचाळीस किलोमीटर. पावणेदोन वर्षं. तेव्हा ती सहाचीही नसेल पूर्ण. पहिलीत असेल.

मी तिला कडेवर धरलं होतं. मी तिच्या हातात दिला. शाळेत पोरं भ्याली तर मी हसलो, आणि गावानं सव्वीस वर्षं मुठीमुठीनं दोर सोडला, तो मी तासाभरात—

मूर्ख. मूर्ख माणूस.

शनिवार, २१ फेब्रुवारी

सहा. १.०. एकशे चौऱ्याहत्तर.

वारा इतका आहे की आवाज कुठून येतो ते कळेना, सगळीकडून येतो. पण वेळ खोटं बोलत नाही. वेळ मी मोजू शकतो.

त्याला एक लागतं. मग तो मी. सात दगड माझे आहेत, आठवा यायच्या आत त्याची माझी गाठ पडली पाहिजे. उद्या सातवा. उद्या बारा वाजता ते खोलीपासून एकशे चार मीटरवर असेल. मी तिथं जाऊन बसतो. त्यानं इथवर यायची वाट कशाला बघू.

नूतनला पत्र लिहून ट्रंकेत ठेवलं. भीती वाटतेय. फार वाटतेय. पण गणित सुटलंय.

रविवार, २२ फेब्रुवारी

सकाळी ११.२०. दारापासून टेपनं मोजत आलो. एकशे चार मीटर. उघड्या माळावरच बसलोय. पाठीमागं खोली, पुढं आड, चारशे सोळा मीटरवर. वही मांडीवर, घड्याळ हातात. हे लिहीत राहिलो की वेळ जातो.

११.४०. थांब्यावर एसटी थांबली. रविवारी तर कधी—

लाल फ्रॉक.

नूतन आली. पोरीला घेऊन आली. चिठ्ठीमुळंच आली असणार. येऊ नकोस, कारण विचारू नकोस असं लिहिलं की ही येणारच, एवढं मला कळू नये. ओरडलो, आत जा, दार लावा, बाहेर येऊ नका. ऐकू गेलं असावं. नूतननं हात केला. दोघी खोलीत गेल्या. दार लागलं.

धावत जाऊ का? नको. वीस मिनिटं राहिलीत. इथंच बरा. ते पुढं, त्या मागं, मी मध्ये.

११.५५. त्या आत आहेत. दार बंद आहे. मी मध्ये आहे.

१२.००. पायाशी पडला. सात. ओला.

आणि लगेच. लगेच कानात. पोतला.

वेळ शून्य. गार. चिखलाचा वास. डोळे मिटले—

१२.०२. मी आहे. अजून आहे. हात बघितले, पाय बघितले. आहे.

टाळी वाजवली. उत्तर आलं. ०.२. पस्तीस मीटर.

लांब गेलं?

१२.०३. टाळी. ०.४. सत्तर मीटर. दिवसभराचं अंतर तीन मिनिटांत. जातंय. परत निघालं, आडाकडं. नको आहे मी त्याला. भागलं त्याचं. देवा, भागलं. हसू येतंय मला, रडू पण. खोलीत जाऊन पोरीला—

१२.०४. साळुबाई ओट्यावर आल्यात. पदर हलवतायत, ओरडतायत. वाऱ्यात काही कळत नाही. माझ्याकडं नाही बघत. हात खोलीकडं करतायत.

विचारायचं राहिलं. त्यांच्या मालकांच्या वेळी आवाज कुणाचा होता? मी विचारलंच नाही. मालकांचाच असेल तर—

टाळी. ०.६.

टाळी. ०.६. थांबलं.

एकशे चार मीटर. पण आड अजून कितीतरी लांब, मध्येच का थांबेल. वेळावरून अंतर निघतं. नुसतं अंतर. कुठल्या बाजूला ते वेळ कधी सांगत नाही, मी दिशा मोजलीच—

एकशे चार म्हणजे दारापासू